टेस्ट कोडवरही लिंटर चालवावा का?

तुमच्या पायथन प्रोजेक्टमध्ये मुख्य कोडवर रफ हा लिंटर (कोड न चालवता त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं टूल) चालतो, पण टेस्टचं फोल्डर वगळलेलं आहे. ते आत घेतलं की शेकडो तक्रारी येतात, आणि टीममधले म्हणतात, "टेस्ट पास होतायत ना, मग कशाला?" असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत स्पष्ट आहे: घ्याच. टेस्ट कोडला लिंटरची गरज जास्तच असते. मुख्य कोड बिघडला तर निदान एखादी टेस्ट लाल होते, म्हणजे फेल होते. टेस्टच बिघडली तर ती बरेचदा हिरवीच राहते आणि हिरव्या टेस्टकडे पुन्हा कोणी ढुंकूनही बघत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार कॉपी-पेस्टमधून होतो. समजा, रिकाम्या कार्टची टेस्ट आहे. तिची नक्कल करून त्याच फाइलमध्ये खाली कोणीतरी कूपनची टेस्ट लिहिली, आतला कोड बदलला, फंक्शनचं नाव बदलायचं राहिलं. पायथन काही कुरकुर करत नाही. खालचं फंक्शन वरच्याची जागा घेतं, टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला एकच सापडतं आणि कार्टची टेस्ट त्या दिवसापासून चालतच नाही. रिव्ह्यूमध्येही हे सहसा सुटतं, कारण डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींत, नवं फंक्शन दिसतं, शंभर ओळी वरचं जुनं नाही. रफचा एफ८११ नियम हे लगेच पकडतो.

ॲसर्टचंही, म्हणजे अट खोटी निघाली तर टेस्ट फेल करणाऱ्या ओळीचंही, तसंच. ओळ लांब झाली म्हणून अट आणि तिचा संदेश दोन्ही मिळून एका कंसात घातले की तो टपल (अनेक मूल्यांचा एक संच) होतो, आणि रिकामा नसलेला टपल पायथनच्या लेखी कायम खरा. मग अट खरी असो वा खोटी, टेस्ट पास! यासाठी एफ६३१. ॲसर्ट लिहायचंच राहून नुसती तुलना उरली तर बी०१५. 'कुठलंही एक्सेप्शन (कोड चालताना येणारी एरर) आलं तरी चालेल' अशी टेस्ट असेल तर बी०१७. तिथे व्हेरिएबलच्या नावात टायपो असला तरी नेमएरर (असं नावच नाही, अशी एरर) येतो आणि टेस्ट खुशाल पास होते. तुमच्या सेटिंगमध्ये बी०१५, बी०१७ ज्यात येतात तो बी गट चालू आहे का, तेवढं बघून घ्या.

आता त्या शेकडो तक्रारी. त्यातल्या बऱ्याचशा दोनच नियमांच्या असतील असा माझा अंदाज आहे. एस१०१ म्हणतो ॲसर्ट वापरू नका. मुख्य कोडसाठी ते बरोबर आहे, कारण ऑप्टिमाइझ मोडमध्ये पायथन ॲसर्ट गाळून टाकतो. पण पायटेस्टचा सगळा डोलाराच ॲसर्टवर उभा आहे. दुसरा पीएलआर२००४, कोडात थेट आकडे लिहू नका म्हणणारा. शंभर रुपयांवर १८ टक्के जीएसटी लावून ११८ येतात, हे टेस्टमध्ये ११८ असंच लिहिलेलं मला हवं. त्यासाठी कॉन्स्टंट (आकड्याला दिलेलं नाव) काढला तर वाचणाऱ्याला उगाच वर-खाली शोधत बसावं लागतं. हे दोन्ही नियम टेस्टच्या फोल्डरपुरते बंद करा, रफमध्ये तशी सोय आहे. थोडी पुनरावृत्तीही टेस्टमध्ये चालू द्या.

उरलेल्यांतून आधी एफ८११ घ्या. नाव बदलल्यावर इतके दिवस झाकलेली टेस्ट पहिल्यांदा चालेल आणि कदाचित फेल होईल. ती घाईने डिलीट करू नका. तिच्यामागे खरा बग असू शकतो. हे बदल फॉरमॅटिंगच्या कमिटमध्ये मिसळू नका, नाहीतर नेमकं काय सापडलं ते कोणालाच कळणार नाही.

टीममध्ये कोणी जावास्क्रिप्टच्या टेस्टसाठी जेस्ट वापरत असेल तर त्यांनी ईएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरचा जेस्ट प्लगइन लावावा. डीबग करताना एका टेस्टवर लावलेलं 'ओन्ली' (फक्त हीच टेस्ट चालव) चुकून तसंच कमिट होतं आणि त्या फाइलमधल्या बाकीच्या टेस्ट गुपचूप वगळल्या जातात. त्यासाठी त्यात खास नियम आहे.

मात्र लिंटरला ॲसर्ट कसा लिहिलाय तेवढंच दिसतं, तो कामाचा आहे का ते नाही. नियम गप्प करायला कोणी काहीही झालं तरी खरीच ठरणारी अट तपासली, तर ते बरेचदा रिव्ह्यूमध्ये माणसालाच अडवावं लागतं. पैशांचा हिशेब करणाऱ्या मॉड्यूलवर मी म्युटेशन टेस्टिंगही करतो. पायथनला म्यूटमट आहे, जावाला पिट, जावास्क्रिप्टला स्ट्रायकर. ही टूल्स मुख्य कोडात मुद्दाम छोटे बिघाड करतात, अधिकचं उणे वगैरे, आणि एखादी तरी टेस्ट लाल होते का ते बघतात. याला वेळ फार लागतो, म्हणून प्रत्येक पुल रिक्वेस्टवर नको. रात्रीच्या बिल्डमध्ये आणि त्या एकाच मॉड्यूलपुरतं ठेवा.