एएनएमनंतर जीएनएम: बारावी, वय आणि हजेरी

प्रश्न : दहावीनंतर दीड वर्षाचा एएनएम (सहायक परिचारिका आणि प्रसाविका) कोर्स केला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. वय ३७. ऐरोलीच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये ड्यूटी करते. एक एजंट म्हणतो, वर्षभराचा ‘ब्रिज कोर्स’ करा, हजेरीची सक्ती नाही, लगेच स्टाफ नर्स व्हाल. पैसे भरू का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. एएनएमला वर्षभरात रजिस्टर्ड नर्स करणारा कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठेवलेलाच नाही. सर्टिफिकेट मिळेल, पण त्यावर नोंदणी होणार नाही, आणि नोंदणी नसेल तर भरतीत फॉर्म छाननीतच बाद होतो.

तुमच्यासाठी रस्ता जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या डिप्लोमाचा. तीन वर्षं, पूर्णवेळ, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. एएनएमची वर्षं यातून वजा होत नाहीत. इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला हे जाचक वाटणारच. वयाची मात्र काळजी नको. ३५ ची मर्यादा इतरांना आहे, एएनएमला नाही. (थेट बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, म्हणून तो विचार सोडा.)

आधी बारावी करा. कौन्सिलच्या नियमात नोंदणीकृत एएनएमसाठी जीएनएम प्रवेशाची वेगळी वाट आहे, तरी पुढे पोस्ट बेसिक बीएस्सीला (जीएनएमनंतरच्या नर्सिंग पदवीला) बारावी लागतेच, तेव्हा ती आत्ताच हातावेगळी केलेली बरी. नोकरी सांभाळून एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून करता येते. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. इंग्रजी विषय घ्याच. एक गोष्ट अनेकींना नडते: एनआयओएसमध्ये ३३ टक्क्यांना पास होता येतं, पण जीएनएमच्या बारावीच्या अटीत एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० मागितले आहेत. इंग्रजीत ३५ आले तर मार्कशीटवर ‘पास’ असूनही त्या अटीत बसणार नाही.

नाइट करून दिवसा कॉलेज, हा बेत टिकत नाही. विद्यार्थिनींच्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये (हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामात) इव्हिनिंग आणि नाइटही येतात. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के हजेरी लागते. क्लिनिकलची तर डिप्लोमा मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे तीन वर्षं पगार बंद धरूनच हिशोब मांडा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर शिष्यवृत्तीवर सहसा पाणी सोडावं लागतं, तेव्हा गुणवत्ता यादीतूनच प्रयत्न करा.

कागदपत्रांत नावाचा घोळ सर्वांत जास्त वेळ खातो. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, नोंदणीवर तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणी दाखला काढा, गरज पडली तर राजपत्रात नावबदल करा. प्रवेशाच्या आठवड्यात हे होत नाही. नर्सिंग स्कूलची मान्यता इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्य कौन्सिल दोघांच्याही यादीत त्या वर्षासाठी तपासा. मूळ कागद दिलेत तर पोच घ्या.

पास झाल्यावर नर्स आणि मिडवाइफ अशी नवी नोंदणी करावी लागते. जुना एएनएम नंबर त्यासाठी चालत नाही. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला जीएनएमनंतर किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्यामुळे जीएनएमनंतरची पहिली नोकरी धरताना पगाराआधी खाटा विचारा, आणि अनुभवाच्या दाखल्यावर तो आकडा लिहून घ्या.