फोन टेकवून पैसे देताना

पहिल्यांदा फोन दुकानातल्या कार्ड मशीनवर टेकवताना हात अडखळतोच, माझाही अडखळला होता. फोन नुसता हलवत बसू नका. एनएफसीची, म्हणजे फोन आणि मशीन ज्या बिनतारी तंत्राने जवळून बोलतात त्याची, पोच जेमतेम 4 सेंटीमीटर, तेव्हा अगदी जवळ नेऊन एक-दोन सेकंद स्थिर धरा. कुठला भाग टेकवायचा तेही बघा: आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनचा पाठीच्या मध्याजवळ. मी आठवडाभर खालची बाजू टेकवत होतो आणि वर मशीनलाच नावं ठेवत होतो! कव्हर धातूचं असेल तर ते काढून बघा.

कार्ड नंबर दुकानदाराला कळेल अशी भीती वाटते ना? कळत नाही. फोनमधल्या वॉलेट अॅपमध्ये कार्ड घालताना त्याच्या जागी वेगळा नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात. मशीनला तोच मिळतो, सोबत त्या व्यवहारापुरता एकदाच चालणारा कोड. म्हणूनच पावतीवरचे शेवटचे चार आकडे कधीकधी कार्डाशी जुळत नाहीत. खरी गंमत वस्तू परत करताना होते. दुकानदार आकडे ताडून बघतो, आपण कार्ड पुढे करतो आणि दोघेही गोंधळतो. ज्या फोनने पैसे दिले तोच पुन्हा टेकवायचा. घड्याळाने दिले असतील तर घड्याळ, कारण त्याचं टोकन निराळं असतं.

टेकवण्याआधी मशीनवरची रक्कम वाचा. फोनला नेट नसलं तरी बहुतेक वेळा काम होतं, पण बॅटरी मेली की सगळं ठप्प. एखादं कार्ड खिशात असू द्या.