गिटार बाजूला ठेवल्यानंतरचे रेडिओहेड आणि माझे इतर आवडते बँड

ऑल्टरनेटिव्ह रॉकमधले माझे आवडते बँड कोणते, आणि ज्या आवाजासाठी ते आवडले तोच त्यांनी पुढे सोडून दिला तर चाहत्याला फसवल्यासारखे वाटत नाही का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. रेडिओहेड सर्वांत वर, त्याखालोखाल आर. ई. एम., आणि पुढच्या पिढीतले आर्क्टिक मंकीज. लिंकिन पार्कचाही उल्लेख करावा लागेल, कारण सोलापुरातल्या माझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना इंग्रजी रॉकची गोडी लागली ती त्यांच्यामुळेच.

दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याचे एक कारण हे संगीत आमच्यापर्यंत ज्या रीतीने पोहोचले त्यात आहे. आमच्या लहानपणी नवी पेठेतल्या दुकानांत हिंदी, मराठी, कन्नड आणि तेलुगू गाणी हवी तेवढी मिळत, पण या बँडचे काहीच मिळत नसे. पुण्याला शिकायला गेलेले मित्र सुटीत हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येताना एकाच सीडीत कोंबलेल्या एमपीथ्री फायली आणत आणि त्यांत अल्बमांचा क्रम, साले, कधीकधी गाण्यांची नावेसुद्धा धड नसत. त्यामुळे मी 2000 सालचा ‘किड ए’ आधी ऐकला आणि 1997 चा ‘ओके कॉम्प्युटर’ नंतर. इंग्लंडमधल्या ज्या चाहत्यांनी तीन वर्षे पुढच्या गिटारप्रधान अल्बमची वाट पाहिली, त्यांना ‘किड ए’ ऐकून बसलेला धक्का मला समजू शकतो, पण तो माझ्या वाट्याला आलाच नाही. मला तो बदल दिसण्याआधीच घडून गेलेला होता, आणि म्हणून ‘हे असे का झाले’ यापेक्षा ‘हे कसे केले’ हा प्रश्न मला अधिक ओढीचा वाटत राहिला.

‘किड ए’मध्ये काय केले गेले ते पाहण्यासारखे आहे. ‘ओके कॉम्प्युटर’च्या यशानंतर आणि लांबलेल्या दौऱ्यांनंतर बँडचे गायक थॉम यॉर्क यांना गिटारवर गाणे सुचेनासे झाले होते आणि ते पियानोकडे व इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळले. तीन गिटार असलेल्या या बँडच्या अल्बमचे पहिले गाणे सुरू होते ते सिंथेसायझरच्या सुरांनी, आणि त्यावर यॉर्क यांचा आवाज तुकडे करून उलटसुलट फिरवलेला आहे. गिटारवादक जॉनी ग्रीनवूड यांनी गिटार बाजूला ठेवून ओंद मार्तनो हे फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेले विद्युत वाद्य हाती घेतले. ‘इडिओटेक’ या गाण्याचा पाया म्हणजे ग्रीनवूड यांनी केलेल्या प्रदीर्घ ध्वनिप्रयोगातला एक लहानसा तुकडा, आणि त्या तुकड्यात पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराने 1970 च्या दशकात संगणकावर रचलेल्या संगीताचा अंश आहे. म्हणजे येथे जुन्या गाण्यांना नवा मुलामा दिलेला नाही, गाणे जन्माला येण्याची जागाच बदललेली आहे.

माझी कसोटी इथे आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या जेकार्ड मागावर (नक्षी विणणाऱ्या मागावर) भोके पाडलेले पुठ्ठे बदलले की चादरीवरची नक्षी बदलते, पण सूत आणि माग तेच राहतात. पुष्कळ बँडचे ‘नवे वळण’ या प्रकारचे असते. रेडिओहेडने माग बदलला. याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणे. 1995 मध्ये ते पहिल्यांदा मंचावर गायले गेले, अकूस्टिक गिटारवर. त्यानंतर ते रेकॉर्ड करण्याचे प्रयत्न झाले आणि प्रत्येक वेळी ते बाजूला पडले. 2001 मध्ये एका लाइव्ह संग्रहात ते गिटारसहच आले, आणि स्टुडिओतले रूप मिळायला 2016 उजाडले, ‘अ मून शेप्ड पूल’चे शेवटचे गाणे म्हणून. या रूपात गिटार नाही. पियानोचे विरळ, एकमेकांवर किंचित सरकणारे स्वर आहेत आणि आवाज वयाने उतरलेला आहे. 1995 मध्ये जी विनवणी तरुण माणसाच्या आर्जवासारखी वाटते, तीच येथे मिळण्याची आशा सुटल्यावरही तोंडून निघत राहिल्यासारखी वाटते. शब्द जवळपास तेच आहेत. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत, असा माझा आग्रह राहील. (ग्रीनवूड 2015 मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादक आणि कव्वालांबरोबर ‘जुनून’ या अल्बमसाठी वाजवून गेले, हे आपल्याकडच्या फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक असते. तेथेही ते पुढे पुढे करत नाहीत, हे मला विशेष भावले.)

आर. ई. एम. यांचा बदल अधिक शांतपणे झाला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा हा चौघांचा बँड. 1991 च्या ‘आउट ऑफ टाइम’च्या वेळी त्यांनी आपापली वाद्ये मुद्दाम बदलून पाहिली. गिटारवादक पीटर बक यांनी मँडोलिन उचलले आणि त्यावर सुचलेली सुरावट त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा कणा झाली. पुढच्याच वर्षीच्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’मध्ये काही गाण्यांचे व्हायोलिन-चेलोचे संयोजन लेड झेपेलिन या जुन्या रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्स यांनी केले. 1997 मध्ये ड्रमवादक बिल बेरी बँड सोडून गेले आणि उरलेल्या तिघांनी 1998 चा ‘अप’ करताना त्यांच्या जागी लगेच दुसरा माणूस बसवण्याऐवजी ड्रम मशीनचा बराच आधार घेतला. हा अल्बम अनेक जुन्या चाहत्यांना कोरडा वाटतो. मला त्यातला हा रितेपणा खरा वाटतो, कारण एक माणूस खरोखरच कमी झालेला होता आणि अल्बम ते लपवत नाही.

लिंकिन पार्कच्या बाबतीत माझे मत मिश्र आहे. 2010 च्या ‘अ थाउझंड सन्स’मध्ये त्यांनी जड गिटार जवळजवळ सोडून दिले, तेव्हा आमच्या मित्रमंडळींत बराच वाद झाला होता आणि मी त्या अल्बमच्या बाजूने बोलत असे, अजूनही बोलतो. 2017 चा ‘वन मोअर लाइट’ मात्र मला पुठ्ठे बदलल्यासारखाच वाटतो. त्यातल्या काही गाण्यांच्या रचनेत बाहेरच्या व्यावसायिक गीतकारांचा हात आहे, आणि गायक चेस्टर बेनिंग्टन यांचा आवाज एवढा एकच धागा ओळखीचा राहतो. अल्बम निघाल्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांचे निधन झाल्यामुळे त्याविषयी तटस्थपणे बोलणे अवघड झाले आहे, तरीही शीर्षकगीत वगळता माझे मत बदललेले नाही.

राहिले आर्क्टिक मंकीज. शेफील्डच्या या मुलांचा 2006 चा पहिला अल्बम म्हणजे वेगवान गिटार आणि गावातल्या रात्रींची बारकाईने केलेली वर्णने. 2009 च्या ‘हमबग’मध्ये निर्माते जॉश होम यांच्या सोबतीने आवाज जड आणि संथ झाला, 2013 च्या ‘एएम’ने त्यांना जगभर नेले, आणि नेमक्या त्या यशानंतर गायक अॅलेक्स टर्नर यांनी 2018 चा अल्बम गिटारऐवजी पियानोवर रचला. ‘एएम’सारखे आणखी दोन अल्बम त्यांना सहज खपवता आले असते, त्यामुळे हा निर्णय मला धाडसी वाटतो. 2022 च्या ‘द कार’मध्ये त्याच वाटेवर तंतुवाद्यांची मोठी साथ आली आहे. रचना देखण्या आहेत, पण ड्रमवादक मॅट हेल्डर्स यांच्यासारख्या ताकदीच्या माणसाला तेथे करण्यासारखे फारच थोडे उरले आहे, आणि तेवढ्यासाठी मी तो अल्बम अजून मनापासून स्वीकारलेला नाही.