कॉकपिटवरचा तंबू, आणि त्याआधीचे हेलपाटे

शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) बामणोलीच्या बाजूला लहान शिडाची बोट, रात्री कॉकपिटमध्येच (बसायच्या खोलगट जागेत) झोपायचं, बूमवर (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर) ताडपत्री टाकली तर चालेल का, आणि परवानगीसाठी हेलपाटे सुरू आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचून राहवलं नाही.

तंबूचं आधी उरकतो. मेन हॅलियार्ड (मोठं शीड वर चढवायची दोरी) बूमच्या मागच्या टोकाला लावून बूम उचला, मेनशीट (बूम आवरायची दोरी) खाली ताणून घट्ट करा. नुसती टांगलेली बूम रात्रभर हेलकावते आणि कापडाची वाट लावते. कापडाच्या कडा बोटीच्या काठाच्या बाहेरून खाली आल्या पाहिजेत, नाहीतर पाऊस थेट गादीवर. सेंटरबोर्ड (बोटीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी) वर घेऊन बोटीच्या पोटाखालून दोरी काढली आणि कापडाच्या दोन्ही बाजूंच्या रिंगा एकमेकींना ताणून बांधल्या, की बोटीला एकही भोक पाडावं लागत नाही. मास्टपाशी (डोलकाठीपाशी) कापडाला चीर द्यावीच लागते, तिच्यावर वेगळी पट्टी हवी.

निळी प्लास्टिकची ताडपत्री माझ्या मते घेऊच नये. वाऱ्यात फडफडून झोप लागू देत नाही, आणि थंडीत पहाटे आतल्या बाजूने थेंब टपकतात. कोटिंगवालं पॉलिस्टर घ्या, दोन्ही टोकांना वर फट ठेवा. साताऱ्यात हायवेला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे असतात, त्यांच्याकडे जाड सुईचं मशीन असतं, पितळी रिंगाही ठोकून देतात. कोपऱ्यांना दुहेरी कापड मात्र तुम्हीच सांगा. आणि आत शेगडी पेटवायची नाही, चहापुरतीसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता ते कार्यालय. नाव घेत नाही, मला अजून तिथे जायचंय. माझ्या अर्जात 'बोटीवर तंबू' असं होतं. पहिल्या टेबलावर त्याची हाऊसबोट झाली, दुसऱ्यावर इंजिनिअरच्या सहीचा नकाशा मागितला. चार मीटरच्या बोटीवरच्या चादरीचा नकाशा! तिसऱ्या टेबलावर 'हे आमच्याकडे येतच नाही' म्हणाले, पण तसं लिहून देईनात. साहेब कधी मीटिंगला, कधी दौऱ्यावर. तोवर उन्हाळा आला, पाणी आटलं, आणि बोटीपर्यंत गुडघाभर चिखल. अख्खा हंगाम असा गेला.

म्हणून सांगतो, अर्जात 'काढता-घालता येणारं कापडी आच्छादन' एवढंच लिहा, सोबत फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता म्हणतात. तरी हललं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझी फाईल त्यानंतरच जागची हलली. मी वकील नाही, नियम बदलतात, तुमचं तुम्ही तपासा. पण वासोट्याकडचा काठ अभयारण्यात येतो, तिकडे मुक्कामाचा विषयही काढू नका.

कापड कापण्याआधी जुनी साडी बूमवर टाकून मापं घ्या, आणि बूमची लांबी इथे कळवा. रिंगा किती अंतरावर हव्यात ते सांगतो.