दोन्ही रेड वाइनच, मग कॅबर्ने सोव्हिन्यॉन तुरट आणि पिनो न्वार हलकी का लागते?

मुख्य फरक द्राक्षाच्या सालीचा आहे. काळं द्राक्ष बोटांत चिरडून पाहा, रस बहुतेक वेळा फिकाच निघतो. रंग सालीत असतो आणि तुरटपणा देणारं टॅनिनही तिथं असतं, शिवाय बियांतही.

कॅबर्नेचा मणी लहान आणि साल जाड, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून वाइन गडद होते, हिरड्या ओढल्यासारख्या वाटतात आणि चांगली बाटली वर्षानुवर्षं टिकते. पिनोची साल पातळ. रंग माणकासारखा आरपार दिसणारा, वास चेरी-रासबेरीचा. जात मात्र फार नाजूक: घड गच्च असल्याने ओल धरली की सडतो, आणि कडक उन्हात सुगंधच हरवतो. त्यामुळे तिला थंड हवा लागते. जमून आली तर तिच्या सुगंधाला तोड नाही, असं माझं ठाम मत.

मर्लो ही आणखी एक काळ्या द्राक्षाची जात, या दोघींच्या मधली, मऊ.

आणखी एक: कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही काळ्या कॅबर्ने फ्रां आणि पांढऱ्या सोव्हिन्यॉन ब्लांची संतती आहे. डीएनए तपासणीतून हे सिद्ध झालं ते थेट १९९०च्या दशकात!