नवरा फौंड्रीत आणि घरात तीन वर्षांची मुलगी: हवेतल्या धातूंना किती भ्यायचं?

ताई, तुमचे मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत गनमेटलच्या भट्टीवर आहेत, घर अनगोळला, मुलगी तीन वर्षांची. कारखान्याच्या हवेतलं शिसं तिला बाधेल का, खिडक्या बंद ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. मी २२ वर्षं तसल्याच एका शेडमध्ये भट्टीवर काढली, म्हणून सांगतो. खिडकी राहू द्या, आधी मिस्टरांचे कामाचे कपडे बघा.

गनमेटलमध्ये तांब्याबरोबर कथील, जस्त आणि बऱ्याचदा पाच टक्क्यांच्या आसपास शिसं असतं. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि धातू ओतायचा ११०० च्या वर. तो पांढरा धूर जस्ताचा; त्याच्यासोबत शिसंही उडतं. त्यातले कण मायक्रॉनपेक्षाही बारीक, रुमाल बांधून थांबत नाहीत. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावरून आलं की संध्याकाळी हुडहुडी भरायची, तोंडाला धातूची चव यायची. आम्ही हवाबदल म्हणून सोडून द्यायचो. तो जस्ताचा ताप, एक-दोन दिवसांत उतरतो. शिसं मात्र गुपचूप हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. मोठ्यांचं बीपी वाढवतं, किडनी बिघडवतं. लहान मुलांच्या मेंदूवर जातं. त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना मी दारात पाऊल टाकलं की तो पळत यायचा आणि मी तसाच, कामाच्या शर्टावर, त्याला उचलून घ्यायचो. पोरगं खायला मागेना, चिडचिड करू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं. आकडा आला १४, म्हणजे एका डेसिलिटर (१०० मिली) रक्तात १४ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅमपासूनच म्हणते की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. आमच्या घरी ते माझ्या शर्टावरून, बुटांवरून, गाडीच्या सीटवरून येत होतं. पोर जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, आणि गिळलेलं शिसं त्याच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट मुरतं. शेडमध्ये आंघोळीला जागा नव्हती, आम्हीही मागितली नाही. ते मला आजही लागतं.

म्हणून मिस्टरांना सांगा, कारखान्यातच कपडे बदलायचे, अंघोळ करूनच मुलीला घ्यायचं, बूट बाहेर. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवा, घरात झटकू नका. कोरड्या केरसुणीनं धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसा. भट्टीवर धूर ओढून घेणारा हूड हवाच, आणि तोंडाला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही असं आमच्यात म्हणायचे. फुप्फुसात गेलेला धातू गुळानं निघत नाही. मुलीला मात्र नाचणीची आंबील, दूध, पालेभाज्या द्या. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की शिसं जास्त मुरतं.

बाहेरच्या हवेचं म्हणाल तर पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, तो मोठा भार उतरला. पण गल्लीत कुणी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत असेल तर मुलीला तिथं अजिबात फिरकू देऊ नका, आणि तक्रार करा. घरात कुणी बिडी ओढत असेल तर तीही थांबवा. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं, ते धुरातून आत जातं आणि किडनीत दहा-वीस वर्षं राहतं. निपाणी भागातल्या आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही. जुन्या दारा-खिडक्यांचा रंग खरवडायचा झाला तर मुलीला दोन दिवस आजोळी पाठवा; रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासूनची आहे, त्याआधीच्या रंगात जास्त शिसं असू शकतं.

या आठवड्यातच मुलीचं आणि मिस्टरांचंही शिरेतलं रक्त तपासून घ्या. आकडा जास्त आला तरी कुठलंही भस्म-बिस्म देऊ नका, काहींत शिसंच असतं. डॉक्टरांना मिस्टरांचं काम नक्की सांगा, नाहीतर त्यांच्या ध्यानात येणार नाही. रिपोर्ट आला की आकडा इथं लिहा, मी वाट बघतो.