खांद्यावरचा जियानजिंग बिंदू: उपयोग आणि पथ्ये

आपला प्रश्न नीट वाचला. दिवसभर संगणकासमोर बसून आपली मान आणि दोन्ही खांदे आखडतात. ॲक्युपंक्चर करणाऱ्यांनी खांद्यावरच्या ‘जियानजिंग’ बिंदूत सुया घ्यायला सुचवले आहे. तोच बिंदू घरी दाबला तर चालेल का आणि सहावा महिना लागलेल्या धाकट्या बहिणीनेही तो दाबावा का, असे आपण विचारले आहे. बहिणीचे उत्तर आधी देते: तिने हा बिंदू दाबू नये आणि तेथे सुईही घेऊ नये. आपण स्वतः दाबायला हरकत नाही. सुई घेण्याआधी मात्र काही गोष्टी माहीत असाव्यात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मी बरीच वर्षे हा उपचार करते आहे आणि खांद्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांमध्ये या बिंदूइतका उपयोगी पडणारा आणि इतक्या बेफिकिरीने हाताळला जाणारा दुसरा बिंदू मी पाहिलेला नाही.

आधी जागा. मान किंचित पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक मणका सर्वांत जास्त वर येतो. तो मानेचा सातवा मणका. तेथून खांद्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकापर्यंत रेघ ओढली, तर तिच्या बरोबर मध्यावर, स्नायूच्या सर्वांत उंच भागात जियानजिंग सापडतो. सातवा आणि त्याखालचा मणका यांत गोंधळ होत असेल तर मान सावकाश डावीउजवीकडे फिरवावी. बोटाखाली हलतो तो सातवा. जुनी चिनी पद्धत याहून सोपी आहे: विरुद्ध बाजूच्या हाताची तीन बोटे खांद्यावर ठेवावीत आणि मधले बोट जेथे किंचित खोलगट जागेत बसते तेथे दाबून पाहावे. बहुतेकांना तेथे दुखरी, ताणलेल्या दोरीसारखी पट्टी लागते. ती लागली नाही तर बिंदू चुकला असे समजू नये, कारण सगळ्यांचे खांदे आखडलेले नसतात.

शरीरातली शक्ती ठरावीक वाटांनी वाहते असे चिनी वैद्यक मानते आणि या वाटांना मार्ग म्हणते. त्यांतल्या पित्ताशय मार्गावरचा हा २१वा बिंदू. हा मार्ग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून निघतो, डोक्याच्या बाजूने, कानामागून मानेवर येतो, खांदा ओलांडून बरगड्यांच्या बाजूने आणि पायाच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरत पायाच्या चौथ्या बोटाशी संपतो. त्यावर एकूण ४४ बिंदू आहेत. खांद्यापासून कानशिलापर्यंत एका बाजूने चढणारी डोकेदुखी आणि खांद्याचा ताण एकत्र का येतात, याचे चिनी वैद्यांचे स्पष्टीकरण या वाटेतच आहे. शिवाय जियानजिंग एकट्या पित्ताशय मार्गाचा नाही. त्रिदाह मार्ग, जठर मार्ग आणि ‘यांगवेई’ नावाची विशेष वाहिनी येथेच त्याला मिळतात, असे परंपरा मानते. जठर मार्ग पुढे स्तनावरून उतरतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. ती पुढे लागणार आहे. ३ऱ्या शतकात हुआंगफू मी यांनी संकलित केलेल्या ‘झेनजिउ जियायी जिंग’ या ग्रंथापासून हा बिंदू सातत्याने वापरात आहे.

या बिंदूचे सगळे उपयोग आणि सगळी पथ्ये एकाच गुणातून निघतात. तो ‘ची’ला, म्हणजे शरीरातल्या चलनशक्तीला, जोराने खाली उतरवतो असे मानले जाते. राग, दडपण, सततची घाई यांनी ‘ची’ वर चढते, खांदे कानांकडे ओढले जातात, डोके जड होते. अशा वेळी वर साचलेले खाली आणणारा बिंदू हवा. आखडलेली मान, एका बाजूला वळवता न येणारी मान, खांद्यापासून पाठीच्या वरच्या भागापर्यंतचा ठणका, ताणाची डोकेदुखी या तक्रारींत तो पहिल्यांदा आठवतो. सोबत मानेच्या वरच्या टोकाला, कवटीखालच्या खळगीत असलेला फेंगची, हाताच्या करंगळीच्या बाजूचा होउशी किंवा घोट्याच्या वरचा शुआनझोंग घेण्याची पद्धत आहे. खांदा दुखत असताना पायात सुई का, असे रुग्ण हमखास विचारतात. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या वाटेत आहे: शुआनझोंग त्याच मार्गाच्या खालच्या टोकाकडे आहे. त्वेना या चिनी मालिशपद्धतीत, विशेषतः लहान मुलांच्या मालिशीत, उपचाराच्या शेवटी दोन्ही जियानजिंग चिमटीत धरून हलकेच उचलण्याची रीत आहे, आणि मला ती मोठ्यांसाठीही फार गुणकारी वाटते.

आधुनिक शरीरशास्त्राने पाहिले तर बिंदूखाली ट्रॅपेझियस स्नायूचा वरचा भाग आहे. संगणकावर काम करणाऱ्यांच्या याच भागात गाठी होतात आणि त्या दाबल्या की कळ कानामागे, कानशिलापर्यंत जाते. ट्रिगर पॉइंट या नावाने पाश्चात्त्य वैद्यकात ओळखली जाणारी एक ठळक जागा जवळजवळ येथेच येते. चिनी वैद्य आणि फिजिओथेरपिस्ट वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी बोट ठेवतात, याचे मला अप्रूप वाटते. पण त्यावरून मार्गांचा सिद्धांत सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पुराव्याबद्दलही सरळ सांगते. दीर्घकालीन वेदनांवरच्या ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ज्यात मान आणि खांद्याच्या दुखण्याचाही समावेश होता, खऱ्या ॲक्युपंक्चरचा परिणाम नकली ॲक्युपंक्चरपेक्षा जास्त आढळला, पण फरक माफक होता. मुळीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत तो बराच मोठा दिसला. त्यामुळे आराम मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण बसण्याची पद्धत, पडद्याची उंची आणि मधूनमधून उठणे हे बदलल्याशिवाय तो टिकत नाही.

आता बाळंतपणाकडे येते, कारण बहिणीसाठी तेच महत्त्वाचे आहे. बाई आडली, वार पडली नाही, तर खाली उतरवणारे बिंदू वापरावेत, अशी जुन्या चिनी ग्रंथांची शिकवण आहे आणि त्यांत जियानजिंगला मानाचे स्थान आहे. हातावरचा हेगू आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा सानयिनजिआओ त्याचे जोडीदार. जो बिंदू बाळंतपण घडवून आणण्यासाठी वापरायचा, तो दिवस भरण्याआधी वापरू नये, हे ओघानेच आले. म्हणून गरोदरपणात तो वर्ज्य मानला जातो. हा दाब दिल्याने प्रसूती सुरू होतेच, असे चाचण्यांनी दाखवलेले नाही आणि बहिणीने नकळत एकदोनदा खांदा चोळला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण ज्या उपचाराचा फायदा किरकोळ आणि ज्याला पर्याय सोपे, त्यात परंपरेची मनाई मोडण्यात शहाणपण नाही. तिच्या खांद्यांना कोमट शेक, हलके चोळणे आणि कुशीवर झोपताना नीट आधार देणारी उशी पुरेशी आहे. दुखणे जास्त असेल तर तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

बाळंतपणानंतर मात्र याच बिंदूचा दुसरा गुण समोर येतो. दूध साकळून स्तनात गाठी होणे, ठणका लागणे, दूध नीट न उतरणे यांत तो वापरतात, कारण जठर मार्ग स्तनावरून जातो आणि त्याची एक गाठ येथे बांधलेली आहे. करंगळीच्या नखाशेजारचा शाओझे आणि स्तनाखालचा रुगेन हे सोबतचे बिंदू. स्तन लाल झाला असेल, ताप आणि थंडी असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. पू झाला असेल तर तो काढावा लागतो आणि सुईने ते काम होत नाही. बाळाला पाजणे सहसा थांबवायचे नसते, हेही तेथे विचारून घ्यावे. जुन्या ग्रंथांत मानेच्या गंडमाळांवरही हा बिंदू सांगितलेला आहे. आज आपल्याकडे मानेतली गाठ क्षयाची असू शकते आणि तिच्यावर क्षयाचीच औषधे लागतात, म्हणून या उपयोगाकडे मी कोणाला वळवत नाही. अर्धांगवायूनंतरच्या खांद्यासाठीही तो घेतात, पण तेथे तो बऱ्याच बिंदूंपैकी एक असतो.

सुईबद्दल सर्वांत गंभीर गोष्ट ही, की फुफ्फुसाचे टोक हंसळीच्या हाडाच्याही २-३ सेंटिमीटर वर आलेले असते आणि जियानजिंगमध्ये सरळ खोल घातलेली सुई तेथवर पोहोचू शकते. फुफ्फुसाला भोक पडून छातीच्या पोकळीत हवा शिरली की छातीत टोचते, धाप लागते. काही वेळा हे काही तासांनी जाणवते. कृश माणसाच्या बाबतीत धोका जास्त. म्हणून पाठ्यपुस्तके ०.५ ते ०.८ सुन इतकीच खोली सांगतात (सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी), आणि अनुभवी हात स्नायू चिमटीत उचलून धरून सुई त्या उचललेल्या मांसातच, तिरकी, मागच्या बाजूला घालतात. या बिंदूवर भोवळ येण्याचे प्रमाणही इतर बिंदूंपेक्षा जास्त असल्याचे जुने वैद्य सांगतात आणि तसे झाले तर गुडघ्याखालचा झुसानली हाताळावा, अशी त्यांची शिकवण आहे. मी पहिल्या वेळी येणाऱ्यांना बसवून सुई देत नाही, झोपवून देते. सुई घेतल्यावर त्याच दिवशी छातीत दुखू लागले किंवा श्वास अपुरा पडू लागला तर वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि खांद्यावर सुई घेतल्याचे तेथे सांगावे.

खांद्याचे प्रत्येक दुखणे या बिंदूचे नसते. हात वर नेता येत नाही, मागे नेऊन कपडे घालता येत नाहीत, रात्री कुशीवर झोपवत नाही, अशी तक्रार असेल तर ती जखडलेल्या सांध्याची असू शकते आणि मधुमेहींमध्ये ती जास्त आढळते. तेथे हात आडवा उचलल्यावर खांद्याच्या टोकाशी पुढे आणि मागे ज्या दोन खळग्या पडतात, त्यांतले जियानयू आणि जियानलिआओ हे बिंदू आधी येतात, आणि व्यायाम लागतोच. उजव्या खांद्याच्या टोकाशी जेवणानंतर दुखत असेल तर पित्ताशयातल्या खड्यांची तपासणी करावी. या दुखण्याचे कारण छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या मज्जातंतूत आहे, पित्ताशय मार्गाच्या नावाशी त्याचा संबंध जोडू नये. डाव्या खांद्यासोबत छातीवर दाब, घाम, मळमळ असेल तर ती हृदयाची सूचना असू शकते. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड कमजोर झाली असेल तर आधी मानेची तपासणी व्हावी.

घरी दाबण्याची पद्धत अशी: खुर्चीत पाठ टेकवून बसावे, दुखऱ्या बाजूचा हात मांडीवर सैल सोडावा आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने बिंदूवर खालच्या दिशेने हळूहळू दाब वाढवावा. श्वास सोडताना दाबावे, घेताना सैल करावे. अर्धा ते एक मिनिट पुरे, आणि दिवसातून दोनतीन वेळा. सुखावणारे दुखणे चालते. झिणझिण्या किंवा तीव्र कळ चालत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट जाऊ देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा खांद्याला नुकताच मार लागला असेल तर दाबू नये.

सुई घ्यायची ठरवलीत तर उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारावी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा हा प्रश्न विचारायला संकोच नको. सुया एकदाच वापरून टाकण्याच्या असाव्यात आणि पाकीट आपल्यासमोर फोडलेले असावे. दमा, फुफ्फुसाचा जुना आजार, गोळ्या, दिवस राहिल्याची शक्यता हे सगळे त्यांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे. आणि त्यांनी स्नायू चिमटीत न धरता खांद्यावर सुई सरळ उभी खाली घालायला घेतली, तर तेथेच थांबवावे.